लाल पेशी फुटल्या नाहीत म्हणून पेप्टाइड निर्धोक ठरतं का?

प्रश्न एका संशोधक विद्यार्थ्याचा आहे. त्याने २३ अमिनो आम्लांचं, +६ भार असलेलं एक सूक्ष्मजीवनाशक पेप्टाइड बनवलंय. वजन साधारण २५०० डाल्टन. ई. कोलाय या जिवाणूची वाढ थांबवायला ते किमान ८ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर लागतं, म्हणजे एमआयसी ८. माणसाच्या लाल रक्तपेशी १ टक्का मिसळलेल्या द्रवात (पेशीद्रवात), सीरम म्हणजे रक्तातला पेशीविरहित द्रव न घालता, एक तास ठेवून मात्रा १२८ पर्यंत नेली तरी हिमोलिसिस, म्हणजे लाल पेशी फुटणं, जेमतेम ६ टक्के. 'मानवी व प्राण्यांच्या पेशींना हे बिनविषारी आहे, असं शोधनिबंधात लिहिता येईल का? नसेल तर पुढे काय तपासू?'

नाही, तसं लिहू नका. 'एक तासाच्या संपर्कात, सीरमविना, १ टक्का पेशीद्रवात, १२८ मायक्रोग्रॅमपर्यंत मानवी लाल पेशींचं लक्षणीय विघटन दिसलं नाही' एवढं लिहिण्याइतकी माहिती तुमच्याकडे आहे. हे वाक्य लांबलचक आणि रुक्ष वाटेल, पण परीक्षक त्याच्यावर बोट ठेवू शकणार नाही. 'बिनविषारी' या एका शब्दावर मात्र तो तुम्हाला दोन फेऱ्या फिरवेल, आणि मी परीक्षक असलो तर नक्कीच फिरवेन.

आता कारणं. ही पेप्टाइडं जिवाणू आणि आपली पेशी यांत फरक करतात तो मुख्यतः पेशीपटलाच्या रसायनावरून. जिवाणूच्या पटलात फॉस्फॅटिडिलग्लिसरॉल आणि कार्डिओलिपिन हे ऋणभारित लिपिड भरपूर असतात. ई. कोलायसारख्या ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूच्या बाहेरच्या आवरणावर लिपोपॉलिसॅकराइड असतं, तेही ऋणभारित. आपल्या पेशीच्या बाहेरच्या थरात फॉस्फॅटिडिलकोलीन, स्फिंगोमायलिन आणि कोलेस्टेरॉल असतं आणि एकूण भार जवळपास शून्य. ऋणभारित फॉस्फॅटिडिलसेरीन आपल्याकडेही आहे, पण निरोगी पेशी ते आतल्या थरात राखून ठेवते. कर्करोगाच्या बऱ्याच पेशींत ते बाहेर येतं, म्हणून काही पेप्टाइडं त्यांनाही मारतात.

म्हणजे धनभार पेप्टाइडला जिवाणूकडे ओढतो. पण पटलात घुसण्याचं काम धनभार करत नाही, ते काम रेणूच्या तेलकट बाजूचं. आणि तेलकट बाजूला भाराशी देणंघेणं नसतं, ती कुठल्याही पटलात शिरते. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन हे त्याचं टोकाचं उदाहरण. २६ अमिनो आम्लं, धनभार +६, म्हणजे तुमच्या रेणूइतकाच, जिवाणूंवर उत्तम मारा, आणि माणसाच्या लाल पेशी काही मायक्रोमोलरलाच फुटतात. दुसऱ्या टोकाला मॅगेनिन. आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या त्वचेतून मायकेल झॅस्लॉफ यांनी १९८७ मध्ये ते वेगळं केलं. २३ अमिनो आम्लं, तीही मळसूत्रासारखी हेलिक्स बनवणारी, पण लाल पेशींना बऱ्यापैकी सौम्य. दोघांत भारापेक्षा तेलकटपणाच्या प्रमाणाचा आणि मांडणीचा फरक मोठा आहे. 'भार वाढवला की निवडकपणा वाढतो' हा समजही एका मर्यादेपर्यंतच खरा. मॅगेनिनचा भार +५ च्या पुढे नेलेल्या आवृत्त्यांत हिमोलिसिस वाढलेलं दिसलं आहे. तुमचा +६ त्या उंबरठ्याच्या पलीकडे आहे, एवढं लक्षात असू द्या.

तुमच्या ६ टक्क्यांकडे येतो. हा आकडा कसा आला हे कळल्याशिवाय मी त्याला किंमत देत नाही, आणि बहुतेक निबंधांत ते धड लिहिलेलंच नसतं.

पहिला प्रश्न, रक्त कशात घेतलं? गोठू नये म्हणून हेपरिन घातलेल्या नळीत घेतलं असेल तर हेपरिन हा स्वतः दाट ऋणभाराचा रेणू आहे. धनभारित पेप्टाइड त्याला चिकटतं आणि पेशीपर्यंत पोचतच नाही. ईडीटीए किंवा सायट्रेटच्या नळीतलं रक्त घ्या आणि फॉस्फेट बफरने निदान तीनदा धुवा. शेवटच्या धुण्यानंतर वरचा द्रव पाण्यासारखा स्वच्छ दिसला पाहिजे. गुलाबी छटा उरली असेल तर त्या पेशी आधीच अर्धमेल्या आहेत, त्यावर प्रयोग करू नका.

दुसरा प्रश्न, प्लेट कुठली? साध्या पॉलिस्टायरीनच्या भिंतींना ही पेप्टाइडं चिकटतात. तुम्ही १२८ घातलं असं समजता, पेशींना त्याहून बरंच कमी मिळतं. पॉलिप्रॉपिलीनच्या प्लेटा वापरा, आणि एमआयसी काढतानाही त्याच वापरा. एका चाचणीला एक प्लास्टिक आणि दुसरीला दुसरं, असं झालं की दोघांचं गुणोत्तर निरर्थक होतं.

तिसरा, वजन कशाचं केलं? एचपीएलसी या रसायनं वेगळी करणाऱ्या यंत्रातून शुद्ध होऊन आलेली पांढरी पूड म्हणजे निव्वळ पेप्टाइड नव्हे. प्रत्येक धनभाराला शुद्धीकरणात वापरलेल्या आम्लाचा ऋणभारित अंश, एक ट्रायफ्लुओरोॲसिटेट, लागलेला असतो. ११४ डाल्टनचे असे सहा, म्हणजे ६८४. तुमच्या २५०० च्या रेणूमागे पुडीच्या वजनाचा साधारण पाचवा हिस्सा तिथेच गेला, पाण्याचा अंश वेगळा. शिवाय ट्रायफ्लुओरोॲसिटेट स्वतः पेशीसंवर्धनात ढवळाढवळ करतं, म्हणून पेशींवरच्या चाचण्यांआधी ते ॲसिटेट किंवा क्लोराइडने बदलून घेतलेलं बरं. निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण अमिनो आम्ल विश्लेषणाने काढा. रेणूत ट्रिप्टोफॅन असेल तर २८० नॅनोमीटरवरचं शोषणही चालेल.

चौथा मुद्दा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात दुर्लक्षित: पेशी किती होत्या? १ टक्का पेशीद्रवात दर मिलिलिटरला साधारण १० कोटी लाल पेशी असतात. एमआयसीच्या चाचणीत जिवाणू असतात ५ लाख. एका लाल पेशीचं पृष्ठफळ सुमारे १४० चौरस मायक्रोमीटर, ई. कोलायचं सहाच्या आसपास. गुणाकार करून पाहा, हिमोलिसिसच्या नळीत पटलाचं क्षेत्रफळ एमआयसीच्या नळीपेक्षा चार हजार पटींहून जास्त भरतं. मात्रा तीच, पण दर पेशीच्या वाट्याला येणारे रेणू अगदी वेगळे. म्हणून ४ टक्के किंवा १० टक्के पेशीद्रव वापरून 'हिमोलिसिस नाही' म्हणणं सोपं असतं, गर्दीत विषाची वाटणी होते. उलट शरीरात जिवाणू एकटे नसतात. भोवती रक्तपेशींची रेलचेल असते आणि पेप्टाइड आधी त्यांनाच चिकटत बसलं तर तुमची ८ ची एमआयसीही तिथे टिकणार नाही. शक्य असेल तर एकाच नळीत लाल पेशी आणि जिवाणू एकत्र ठेवून दोन्ही मोजा. असा एक प्रयोग दहा स्वतंत्र आलेखांपेक्षा जास्त सांगून जातो.

वेळेचंही तसंच. हिमोलिसिस एक तासाने वाचता, एमआयसी १८ ते २० तासांनी, आणि मग त्यांचा भागाकार करून 'निवडकता निर्देशांक' मांडता. लाल पेशींनाही निदान चार तास, जमलं तर अठरा तास द्या, अर्थात पेप्टाइडविना ठेवलेल्या पेशी तेवढा वेळ तग धरतात हे सोबत दाखवून. हिमोग्लोबिन बाहेर येणं ही मुळात उशिराची घटना आहे. छोटं छिद्र पडलं की आधी पोटॅशियम गळतं, मग पाणी आत शिरतं, पेशी फुगते आणि शेवटी फुटते. ५४० नॅनोमीटरच्या प्रकाशात बाहेर आलेलं हिमोग्लोबिन मोजता, तेव्हा तुम्हाला फक्त हा शेवट दिसतो.

निर्देशांकातली एक पळवाटही सांगून ठेवतो. निम्म्या पेशी फोडणारी मात्रा सापडली नाही, तर सर्वोच्च मात्रेच्या दुप्पट आकडा गृहीत धरायची प्रथा आहे. तुमच्या बाबतीत १२८ ऐवजी २५६ धरले की निर्देशांक १६ वरून थेट ३२ होतो, एकही नवा प्रयोग न करता. '१६ हून जास्त' असं लिहा, ते प्रामाणिक आहे.

प्राण्यांच्या पेशींबद्दल विचारलंत, तर रक्त कुणाचं हेही महत्त्वाचं. सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या ब्लड आगर या माध्यमासाठी मेंढीचं रक्त सहज हाताशी असतं, म्हणून पुष्कळदा तेच वापरतात. पण मेंढी, गाय अशा रवंथ करणाऱ्या प्राण्यांच्या लाल पेशींत फॉस्फॅटिडिलकोलीन जवळजवळ नसतं आणि फॉस्फोलिपिडांतला निम्मा किंवा अधिक वाटा स्फिंगोमायलिनचा असतो. उंदीर-घुशींच्या वर्गातल्या प्राण्यांत चित्र उलटं, फॉस्फॅटिडिलकोलीन भरपूर. माणूस मधे कुठेतरी. त्यामुळे एकच पेप्टाइड मेंढीच्या पेशींवर गरीब आणि उंदराच्या पेशींवर जहाल ठरू शकतं. पशुवैद्यकीय वापर डोक्यात असेल तर ज्या प्राण्यासाठी औषध आहे त्याचंच रक्त घ्या.

हे सगळं नीट केलंत तरी लाल पेशी अपुरीच साक्ष देते. तिला केंद्रक नाही, मायटोकॉन्ड्रिया (पेशीची ऊर्जाकेंद्रं) नाहीत, बाहेरचं काही गिळून आत घेण्याची यंत्रणा नाही. पटलाचा विद्युतविभवही किरकोळ, उणे १० मिलिव्होल्टच्या आसपास, तर जिवाणूत तो शंभराच्या बराच पलीकडे असतो. ती फार तर सांगेल की बाहेरून धक्का देऊन पटल फुटतं का. आत शिरून मारणाऱ्या रेणूबद्दल तिला काहीच सांगता येत नाही.

आत काय होऊ शकतं? मायटोकॉन्ड्रियाचं आतलं पटल बघा: कार्डिओलिपिन भरपूर, ऋण विभव जोरदार. पेप्टाइडच्या नजरेने हा आपल्याच पेशीत बसलेला जिवाणू आहे. लायसिन, ल्युसिन आणि ॲलानिन या तीनच अमिनो आम्लांचं १४ घटकांचं एक कृत्रिम पेप्टाइड आहे. बाहेरून दिलं तर सस्तन पेशींना ते फारसं काही करत नाही. १९९९ मध्ये त्याला पेशीत शिरायला मदत करणारा तुकडा जोडला गेला, आणि तेच पेप्टाइड मायटोकॉन्ड्रिया मोडून पेशीला मरणाच्या वाटेला लावू लागलं. म्हणजे विषारीपणा रेणूत होताच, दार तेवढं बंद होतं.

शरीरात हे दार उघडं असतं ते मूत्रपिंडात, आणि या क्षेत्रातली सगळ्यात महागडी ठेच तिथेच लागलेली आहे. पॉलिमिक्सिन ही पेप्टाइड-प्रतिजैविकं १९४७ पासून माहीत आहेत. पॉलिमिक्सिन बी आणि कॉलिस्टिन दोन्ही दहा अमिनो आम्लांचे, पाच धनभारांचे, मेदाम्लाची शेपटी असलेले. त्यांना हिमोलिसिसच्या चाचणीत बसवा, झोकात उत्तीर्ण होतील. तरीही १९७० च्या दशकात मूत्रपिंड आणि मज्जासंस्थेवरच्या दुष्परिणामांमुळे ते मागे पडले, आणि पुढे बाकीची प्रतिजैविकं चालेनाशी झाल्यावर नाइलाजाने परत आले. घडतं ते असं: रक्तातून गाळलं गेलेलं औषध मूत्रात निघून जात नाही. जवळच्या नलिकेतल्या पेशी मेगॅलिन आणि पेप्ट-२ यांसारख्या वाहकांमार्फत ते उचलून परत आत घेतात. रक्तातलं प्रमाण कमी दिसत असताना त्या पेशींत मात्र औषध साठत जातं, मायटोकॉन्ड्रिया बिघडतात, पेशी मरतात. मेदाम्लाची शेपटी कापून उरलेलं नऊ अमिनो आम्लांचं नॉनापेप्टाइड बरंच सौम्य असतं, पण मग त्याची स्वतःची जिवाणू मारण्याची ताकदही जवळपास जाते.

पॉलिमिक्सिन जुने झाले म्हणाल, तर म्युरेपाव्हॅडिन घ्या. स्यूडोमोनास या जिवाणूच्या एका विशिष्ट बाह्यपटल-प्रथिनावर नेम धरणारं, पटल न फोडणारं, अगदी विचारपूर्वक घडवलेलं पेप्टाइड. शिरेतून देण्याच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचण्या २०१९ मध्ये थांबवाव्या लागल्या, कारण अपेक्षेपेक्षा जास्त रुग्णांत मूत्रपिंडाला इजा दिसली. धनभारित पेप्टाइड शिरेतून द्यायचा विचार असेल, तर मूत्रपिंडाच्या नलिकापेशींवरची चाचणी मी पहिल्याच वर्षी करायला सांगतो, शेवटच्या वर्षी नाही. त्यातही एक मेख आहे. प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे वाढवलेल्या सेल लाइनमध्ये हे वाहक बऱ्याचदा कमी झालेले असतात, आणि निकाल फसवा चांगला येतो. पेशींत मेगॅलिन आहे का हे आधी तपासा. नसेल तर मूळ ऊतीतून काढलेल्या पेशी वापरा. सोबत पॉलिमिक्सिन बी ठेवा. तुमच्या पद्धतीत पॉलिमिक्सिन विषारी दिसत नसेल, तर दोष पद्धतीत आहे.

डॅप्टोमायसिनची गोष्ट वेगळ्या कारणासाठी सांगण्याजोगी आहे. हे मेदाम्ल जोडलेलं पेप्टाइड-प्रतिजैविक (लिपोपेप्टाइड) एका मोठ्या कंपनीने बाजूला ठेवलं होतं, कारण दिवसातून दोनदा दिल्यावर कंकालस्नायूंना इजा होऊन रक्तात क्रिएटिन फॉस्फोकायनेज हे स्नायूंतलं एन्झाइम वाढत होतं. नंतर कुत्र्यांवरच्या अभ्यासात दिसलं की दिवसाची तीच एकूण मात्रा तुकड्या-तुकड्यांत दिली तर स्नायूंना जास्त त्रास होतो, एकदम दिली तर कमी. दोन मात्रांमधला सलग वेळ स्नायूला सावरायला पुरतो. दिवसातून एकदा देण्याच्या पद्धतीने २००३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली, आजही उपचारादरम्यान दर आठवड्याला ते एन्झाइम तपासतात. रेणू तोच राहिला, बदललं फक्त वेळापत्रक. ९६ खाचांच्या प्लेटमध्ये हे कधीच दिसलं नसतं.

आपल्या स्वतःच्या शरीरातलं पेप्टाइडही यातून सुटत नाही. माणसात कॅथेलिसिडिन कुळातलं एकच पेप्टाइड आहे, एलएल-३७. सीरमविना संवर्धनात साधारण १० ते ३० मायक्रोमोलरच्या टापूत ते मानवी पेशींनाही मारतं. सीरम घातलं की धार बोथट होते, कारण रक्तातलं ॲपोलिपोप्रोटीन ए-१ हे प्रथिन त्याला धरून ठेवतं. पेशी न मारताही ते उपद्रव करतं: सोरायसिस या त्वचारोगात ते आपल्याच डीएनएला चिकटून प्रतिकारपेशींना चेतवतं, असं २००७ मध्ये दाखवलं गेलं. 'नैसर्गिक आहे, म्हणजे सुरक्षित' हा युक्तिवाद प्रस्तावात दिसला की माझा हात आपोआप लाल पेनकडे जातो.

यावरून तुमच्या पेशी-चाचण्यांसाठी एक सूचना: सीरम घालून आणि सीरमविना, दोन्ही करा, आणि एमआयसीही दोन्ही स्थितींत काढा. १० टक्के सीरममध्ये 'विषारीपणा नाही' आणि साध्या माध्यमात 'एमआयसी ८' ही सांगड फार सोयीची आहे आणि फार ठिकाणी छापलेली आहे. एमटीटी ही रंगबदलावर चालणारी चाचणी एकटी पुरत नाही. ती चयापचय मोजते, पेशी मेली की नुसती मंदावली हे सांगत नाही. सोबत एलडीएच या पेशीतल्या एन्झाइमची गळती मोजा. एमटीटी खाली आणि एलडीएच जागच्या जागी असेल, तर पटल शाबूत ठेवून आत काहीतरी बिघडतंय, आणि मग मायटोकॉन्ड्रियाचा विभव पाहायलाच हवा.

रेणू सुधारायचा झाला तर तेलकट बाजूच्या मधोमध एखादं धनभारित लायसिन बसवणं हा मला सर्वांत कमी खर्चाचा प्रयोग वाटतो. हिमोलिसिस बऱ्याचदा झपाट्याने उतरतं आणि जिवाणूंवरचा मारा टिकतो. मेलिटिनमध्ये ल्युसिनांची ठरावीक अंतरावरची रांग मोडल्यावर असाच परिणाम मिळाला होता. काही जागी डी-अमिनो आम्लं, म्हणजे नेहमीच्या आम्लांची आरशातली रूपं, घालून हेलिक्स सैल करणंही चालतं. मात्र सगळीच्या सगळी डी केलीत तर हेलिक्स फक्त आरशातली होते. पचनरसांपुढे ती टिकते, पण पटलाला उजवं-डावं फारसं कळत नसल्यामुळे हिमोलिसिस तसंच राहतं. नायसिन या पेप्टाइडसारखा मार्ग आणखी वेगळा. ते जिवाणूच्या लिपिड-२ या विशिष्ट रेणूला पकडतं, म्हणून नॅनोमोलर मात्रेत काम करतं, आणि खाद्यपदार्थांत ई-२३४ या क्रमांकाने वापरलंही जातं. मात्रा इतकी कमी पुरली की विषारीपणाचा प्रश्न बराचसा आपोआप सुटतो.

वापर त्वचेवरच करायचा असेल तर मूत्रपिंडाची चिंता खूप कमी होते. ग्रॅमिसिडिन एस हे पेप्टाइड-प्रतिजैविक १९४० च्या दशकापासून माहीत आहे, लाल पेशी फोडतं, तरी वरून लावायच्या औषधांत टिकून आहे. तिथे केराटिनोसाइट आणि फायब्रोब्लास्ट या त्वचेच्या पेशींवर चाचणी घ्या, आणि नुसतं जगणं-मरणं पाहू नका. जखम भरताना या पेशींना सरकावं आणि वाढावं लागतं, म्हणून एका थरावर ओरखडा काढून तो किती वेळात भरतो ते मोजा.

प्राण्यांवर जाल तेव्हा शिरेतून दिल्यावर पहिली काही मिनिटं नीट पाहा. धनभारित, दुतोंडी (एक बाजू भारित, दुसरी तेलकट) पेप्टाइडं मास्ट पेशींना, म्हणजे ॲलर्जीची रसायनं साठवणाऱ्या पेशींना, थेट चेतवतात. हिस्टामिन सुटतं, रक्तदाब कोसळतो, आणि याला आधीची ॲलर्जी लागत नाही. हे काम माणसात एमआरजीपीआरएक्स-२ नावाचा ग्राहक करतो आणि उंदरात त्याचा भाऊबंद एमआरजीपीआरबी-२, हे २०१५ मध्ये स्पष्ट झालं. दोघांची संवेदनशीलता सारखी नसते. उंदीर शांत राहिला तरी मानवी मास्ट पेशींवर बीटा-हेक्सोसॅमिनिडेज या, पेशी चेतल्यावर बाहेर पडणाऱ्या एन्झाइमची चाचणी वेगळी करा. ती एका दिवसाची आहे, आणि मात्रा वाढवण्याच्या अभ्यासाचं वेळापत्रक ठरवण्याआधी तिचा निकाल हातात असलेला बरा.